खानदेशातील मोठी संमेलने आणि संदेशवहनाचे नियोजन : कर्ण्यापासून बिनतारी चॅनेलपर्यंत (१९३२ ते २०२४)

सारांश

मोठ्या जनसमुदायापर्यंत शब्द पोहोचविणे हा कोणत्याही अधिवेशनाचा पायाभूत प्रश्न असतो. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या परिसरात, विसाव्या शतकात राष्ट्रीय व साहित्यिक स्वरूपाची अनेक मोठी संमेलने भरली. फैजपूर येथील १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आणि अमळनेर येथील २०२४ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ही त्या परंपरेची दोन टोके होत. मानवी आवाज, कर्णा, आकाशवाणी आणि वाय-फाय या क्रमाने संदेशवहनाची साधने बदलत गेली. तथापि मर्यादित माध्यम अनेकांनी वाटून वापरण्याचा प्रश्न बदलला नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, बिनतारी चॅनेलांचे नियोजन हा केवळ तांत्रिक विषय नसून तो सहभागाच्या समानतेचा विषय आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : खानदेश, फैजपूर अधिवेशन, साहित्य संमेलन, ध्वनिक्षेपण, वारंवारता, वाय-फाय, चॅनेल नियोजन.

१. प्रस्तावना

इतिहासलेखनात अधिवेशनांची नोंद प्रामुख्याने ठराव, अध्यक्षीय भाषणे आणि नेत्यांची उपस्थिती यांच्या आधारे केली जाते. मांडव कसा उभारला, पाणी कोठून आले, मागच्या रांगेतील श्रोत्याला भाषण ऐकू आले किंवा नाही, या बाबी तपशिलाच्या मानल्या जातात व बहुधा गाळल्या जातात. वास्तविक ज्या ठरावाचे शब्द श्रोत्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत, त्या ठरावाला मिळालेला टाळ्यांचा पाठिंबा किती अर्थपूर्ण मानावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक ठरते.

एकविसाव्या शतकात या प्रश्नाने नवे रूप धारण केले आहे. आज संमेलनास वा चर्चासत्रास येणाऱ्या प्रतिनिधीच्या खिशात भ्रमणध्वनी असतो. नोंदणी, कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्र, दूरस्थ वक्त्याचे व्याख्यान आणि प्रश्नोत्तरे या साऱ्यांचा आधार बिनतारी जाळे झाले आहे. हे जाळे कोलमडले की कार्यक्रमाचा एक भाग थांबतो. ते सर्वांसाठी सारख्या प्रमाणात कोलमडत नाही, ही बाब अधिक महत्त्वाची आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासाची दिशा

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) खानदेशातील मोठ्या संमेलनांच्या संदर्भात संदेशवहनाच्या साधनांतील स्थित्यंतरे पाहणे. (२) रेडिओलहरींच्या वापरासंबंधी भारतात घडलेला कायदेशीर बदल समजून घेणे. (३) मोठ्या सभागृहातील बिनतारी चॅनेलांच्या नियोजनामागील तत्त्व पूर्वीच्या व्यवस्थांशी ताडून पाहणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विवरणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. यंत्रापूर्वीची शिस्त : वारी, कीर्तन आणि धुळ्याचा तुरुंग

महाराष्ट्राला मोठ्या जनसमुदायाच्या संदेशवहनाची शिस्त यंत्राबरोबर प्रथम मिळाली असे नाही. पंढरीच्या वाटेवरील पालखी सोहळ्यात संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी दिंड्या एकत्र येतात. शेकडो टाळ वाजत असतात. चोपदाराने दंड उंचावताच सर्व टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तीच दिंडी टाळ वाजवीत राहते; चोपदार तिच्याकडे जातो आणि तिचे म्हणणे ऐकून घेतो. एका वेळी एकानेच बोलावे, इतरांनी आधी ऐकावे व मग बोलावे, हा नियम येथे कोणत्याही उपकरणाविना पाळला जातो. खानदेशातील मुक्ताबाईंच्या पालखीमुळे ही शिस्त या प्रदेशालाही परिचयाची आहे.

कीर्तनातील टाळकऱ्यांची भूमिकाही या दृष्टीने लक्षणीय आहे. कीर्तनकाराने उच्चारलेले ध्रुपद टाळकरी उचलून धरतात. त्यामुळे दूर बसलेल्या श्रोत्याला न ऐकू आलेला चरण दुसऱ्या आवर्तनात ऐकू येतो. शब्द एकाच कंठातून मोठ्याने बाहेर न पडता अनेक कंठांतून थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा उमटतो. पुढे ध्वनिक्षेपणाच्या आणि बिनतारी जाळ्याच्या शास्त्राने जे तत्त्व स्वीकारले त्याचे हे साधे लोकरूप म्हणता येईल.

संदेश दूरवर नेण्याचा आणखी एक मार्ग धुळ्याने १९३२ मध्ये पाहिला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत धुळे तुरुंगात असताना विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी १९३२ पासून दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्यायांवरील ही प्रवचने १९ जून १९३२ रोजी पूर्ण झाली. श्रोते होते सहबंदी. मात्र साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली आणि त्यामुळे भिंतीआडचा आवाज पुढे अनेक भाषांतील वाचकांपर्यंत गेला. येथे आवाज वाढविला गेला नाही. तो साठविला गेला व नंतर वितरित झाला. श्रोत्यांची संख्या आणि आवाजाची तीव्रता यांचा संबंध नेहमीच सरळ नसतो, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

४. फैजपूर १९३६ : खेड्यात भरलेले अधिवेशन

काँग्रेसचे ५० वे अधिवेशन २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन होय. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानी होते, तर स्वागताध्यक्षपद शंकरराव देव यांच्याकडे होते. स्थानिक पातळीवर खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोजनाचा भार वाहिला. अधिवेशननगरीस टिळकनगर असे नाव देण्यात आले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व इतर स्थानिक साहित्यातून नगरीची सजावट केली. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले.

फैजपूरची निवड हा विचारपूर्वक केलेला प्रयोग होता. तोवर अधिवेशने मोठ्या शहरांत भरत. तेथे सभागृहे, वीज, तारऑफिस आणि छापखाने हाताशी असत. खेड्यात यांपैकी बहुतेक गोष्टी नव्याने उभ्या कराव्या लागणार होत्या. भुसावळ ते खांडवा या लोहमार्गावरील सावदा हे जवळचे स्थानक आणि भुसावळ हे मोठे जंक्शन, हीच बाहेरच्या जगाशी असलेली मुख्य दोरी होती. रेल्वेच्या स्थानकांवर गाड्यांच्या नियंत्रणासाठी तारयंत्रणा असे. तेथून पुढे टिळकनगरपर्यंतचा प्रवास मात्र बैलगाडीचा, मोटारीचा आणि पायवाटेचा होता.

या अधिवेशनासाठी मुंबईहून धावपटूंच्या साखळीने ज्योत आणण्यात आली. एकाने काही अंतर धावावे, पुढच्याच्या हाती ज्योत द्यावी, असा हा क्रम. मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा व्ही. एम. भुस्कुटे व जे. बुखारी यांच्या नेतृत्वाखाली पायी फैजपूरला पोहोचला. त्याच वेळी प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली किसान सभेचेही अधिवेशन तेथे झाले आणि काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम स्वीकारला. सारा, खंड, कर्ज या विषयांवरील शब्द ज्याच्या आयुष्याशी निगडित होते तो शेतकरी येथे प्रेक्षक नव्हता, तर संबोधनाचा केंद्रबिंदू होता. तो ज्या रांगेत बसला होता त्या रांगेपर्यंत शब्द जाणे ही सजावटीहून अधिक मोलाची बाब होती.

१९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांतून कर्णे व माईक दिसू लागले. मुंबईतील शिकागो रेडिओ या मोटवाने कुटुंबाच्या व्यवसायाचे नाव या संदर्भात घेतले जाते. तत्कालीन नेत्यांच्या छायाचित्रांत माईकवर हे नाव वारंवार वाचावयास मिळते. त्या काळातील ध्वनिवर्धक निर्वात नळ्यांवर चालत. विजेचे जाळे नसलेल्या गावात ते चालविण्यासाठी बॅटरी किंवा जनित्र न्यावे लागे.

कर्ण्याने प्रश्न सुटला, पण नवा प्रश्नही निर्माण झाला. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून एकच शक्तिमान कर्णा व्यासपीठाजवळ लावला तर पुढच्यांचे कान दुखतात आणि मागच्यांना तरीही अस्पष्ट ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून कर्णे मांडवभर विखुरले जातात. परंतु ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्यामुळे ३४ मीटर अधिक दूर असलेल्या कर्ण्याचा आवाज एक दशांश सेकंद उशिरा येतो आणि शब्दावर शब्द चढतो. म्हणजे कर्ण्यांची संख्या वाढविणे पुरेसे नाही. त्यांची जागा, तोंडाची दिशा व आवाज यांचे नियोजन करावे लागते. जुन्या माईकवाल्या कारागिरांना हे गणित अनुभवाने येत असे. बिनतारी चॅनेलांच्या नियोजनातही नेमकी हीच अडचण पुन्हा उभी राहिली.

५. आकाशातील लहरी कोणाच्या?

ध्वनी मांडवापुरता राहतो. रेडिओलहरी सीमा ओलांडतात. त्यामुळे त्यांच्या वाटपात राज्यसंस्थेचा प्रवेश अपरिहार्य ठरला. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारव्यवस्थेचा अधिकार सरकारकडे घेतला. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने, जो १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला, परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यासही मनाई केली. फैजपूरचे अधिवेशन भरले त्याच वर्षी, जून १९३६ मध्ये, सरकारी प्रक्षेपणसेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. एकीकडे खेड्यात जमलेला समुदाय कर्ण्याच्या टप्प्यापुरता बोलत होता, तर दुसरीकडे संपूर्ण देशाला ऐकू जाईल असे माध्यम शासनाच्या हाती होते.

ही विषमता १९४२ मध्ये उघडपणे पुढे आली. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारत ठराव संमत झाला आणि दुसऱ्याच दिवशी नेत्यांची धरपकड झाली. त्यानंतर २७ ऑगस्ट १९४२ रोजी उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून काँग्रेस रेडिओचे गुप्त प्रक्षेपण सुरू केले. त्याची तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. वारंवारतेच्या भाषेत ती सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ भरते. पकडले जाऊ नये म्हणून जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी हे केंद्र पकडले. या खटल्यात शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनाही आरोपी करण्यात आले होते. पुढे त्यांची निर्दोष सुटका झाली, तर उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. सभेला आवाज देणारे हात आणि गुप्त रेडिओला साहाय्य करणारे हात एकाच क्षेत्रातले होते, हा योगायोग नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये वारंवारतांचे नियोजन व समन्वय पाहणारी स्वतंत्र शाखा दळणवळण मंत्रालयात स्थापन झाली. जळगाव येथे आकाशवाणीचे केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. त्याची मध्यमलहरींवरील ९६३ किलोहर्ट्‌झ ही वारंवारता नियोजनाचे उत्तम उदाहरण आहे. १९७५ च्या जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय करारानुसार आशियासह मोठ्या भूभागात मध्यमलहरींचे चॅनेल ९ किलोहर्ट्‌झ अंतराने आखले गेले आणि ही आखणी नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली. ९६३ हा आकडा ९ ने निःशेष भागला जातो, तो यामुळेच. खानदेशातील शेतकरी ज्या आकड्यावर काटा आणून बाजारभाव ऐकत असे, तो आकडा अनेक देशांनी एकत्र बसून आखलेल्या पट्ट्यातील एक घर होता.

यापुढचा निर्णायक टप्पा म्हणजे ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना व केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात उद्भवलेल्या या प्रकरणात न्यायालयाने हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. १९३३ च्या कायद्यातील बाळगण्यावरील बंदीपासून १९९५ मधील सार्वजनिक मालमत्तेपर्यंतचा हा प्रवास पुढील परवानामुक्त वापराची वैचारिक पार्श्वभूमी म्हणून पाहता येतो.

६. खानदेशातील साहित्य संमेलने

राजकीय अधिवेशनांबरोबरच खानदेशाने मराठी साहित्य संमेलनांचे यजमानपद अनेकदा भूषविले. १९३६ मध्ये जळगाव येथे माधव जूलियन अध्यक्ष होते. म्हणजे फैजपूर व जळगाव ही दोन संमेलने एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी झाली. १९४४ मध्ये धुळे येथे भा. वि. तथा मामा वरेरकर, १९५२ मध्ये अमळनेर येथे कृ. पां. कुलकर्णी आणि १९८४ मध्ये पुन्हा जळगाव येथे शंकरराव खरात अध्यक्षस्थानी होते. २०२४ मध्ये अमळनेरला हा मान दुसऱ्यांदा मिळाला.

या नावांचा क्रम बोलका आहे. फारसीचा व्यासंग असलेले कवी, रंगभूमीवर रमलेले नाटककार, मराठी व्युत्पत्तीचे कोशकार आणि दलित जीवनाचे चित्रण करणारे लेखक असा हा विस्तार होय. व्यासपीठावरील आवाज जसजसे बदलले तसतसा मांडवातील समुदायही विस्तारत गेला. साहित्य संमेलन हे काही निवडक रसिकांचे बैठकवजा स्वरूप सोडून लोकोत्सवाकडे वळले, त्यात कर्ण्याचा वाटा नाकारता येणार नाही. त्याचबरोबर कर्ण्यालाही मर्यादा घालावी लागली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यावर निर्बंध घातले आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शांतता क्षेत्राची कल्पना मांडली. आवाज पोहोचविण्याचा हक्क आणि शेजाऱ्याचा शांततेचा हक्क यांचा समतोल येथे कायद्याने आखून दिला.

७. परवानामुक्त लहरी आणि चॅनेलांचे गणित

वाय-फायचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त करण्यात आला. ५ गिगाहर्ट्‌झच्या काही भागास त्या वेळी केवळ इमारतीच्या आतील वापरासाठी मुभा मिळाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा, खुल्या जागेतील वापरासह, परवानामुक्त झाला. त्याच सुमारास ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे हातातील वॉकीटॉकीही परवान्याच्या अटीतून मुक्त करण्यात आले. मोठ्या मांडवातील स्वयंसेवकांच्या दृष्टीने ही तरतूद उपयुक्त ठरली.

परवाना नको याचा अर्थ नियोजन नको असा मात्र होत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनेल ५ मेगाहर्ट्‌झ अंतराने क्रमांकित आहेत; परंतु प्रत्येक चॅनेलला सुमारे २० मेगाहर्ट्‌झ रुंदी लागते. परिणामी शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. प्रचलित आखणीनुसार १, ६ व ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या वाटेत न येता वापरता येतात. १३ क्रमांक उपलब्ध दिसतात म्हणून १३ स्वतंत्र वाटा आहेत असे समजणे ही सर्वसाधारण चूक होय. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये मात्र २० मेगाहर्ट्‌झ रुंदीचे २० पेक्षा अधिक स्वतंत्र चॅनेल मिळतात.

वाय-फायची उपकरणे आधी ऐकतात व मग बोलतात. चॅनेलवर दुसरे कोणी बोलत असल्यास ती थांबतात आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात. वारीतील चोपदाराचा दंड येथे प्रत्येक उपकरणाच्या आत बसविलेला असतो. एका चॅनेलवर दहा-वीस उपकरणे असतील तोवर हा शिष्टाचार चालतो. तीच संख्या शेकड्यांत गेली की सर्वांचा बहुतांश वेळ थांबण्यातच जातो. पडद्यावर लहरींच्या रेषा पूर्ण भरलेल्या दिसतात. पान मात्र उघडत नाही.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण ७ जून २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे घडले. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स नवा आयफोन सादर करीत असताना सभागृहातील जाळे अडखळले. सभागृहात ५७० वाय-फाय केंद्रे सुरू असल्याचे त्यांनी व्यासपीठावरून सांगितले आणि उपस्थितांना ती बंद करण्याची विनंती केली. उपस्थितांनी स्वतःबरोबर आणलेल्या छोट्या उपकरणांतून हे जाळे उभे राहिले होते. प्रत्येकाने आपली सोय पाहिली आणि सर्वांची गैरसोय झाली.

एका काल्पनिक आकडेमोडीने हा मुद्दा स्पष्ट होईल. समजा, एका सभागृहात ६०० प्रतिनिधी आहेत आणि प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवर ५० उपकरणे द्यावयाची आहेत. म्हणजे १२ ॲक्सेस पॉइंट लागतील. ते सर्व २.४ गिगाहर्ट्‌झवर चालविल्यास एका चॅनेलवर चार येतील व एकाच सभागृहात ते परस्परांना थांबवीत राहतील. ५ गिगाहर्ट्‌झवर मात्र बाराही ॲक्सेस पॉइंटना वेगवेगळा चॅनेल देता येईल. यातही अधिक वेगाच्या लोभाने ४० किंवा ८० मेगाहर्ट्‌झ रुंदीचे चॅनेल निवडले तर स्वतंत्र चॅनेलांची संख्या निम्म्यावर वा चौथाईवर येते. गर्दीच्या ठिकाणी अरुंद चॅनेल हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

येथेच समानतेचा प्रश्न उपस्थित होतो. स्वस्त भ्रमणध्वनी संच बरेचदा केवळ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात; महाग संच दोन्ही पट्टे वापरतात. म्हणजे ज्याच्याकडे साधा संच आहे तो प्रतिनिधी तीन चॅनेलांच्या गर्दीत अडकतो आणि महाग संच असलेला मोकळ्या रस्त्याने जातो. जाळे बंद पडले अशी तक्रार व्यासपीठाजवळून येत नाही, म्हणून ते सुरळीत आहे असा निष्कर्ष आयोजकांनी काढू नये. फैजपूरच्या मांडवातील मागची रांग आता अंतराने ठरत नाही. ती खिशातील संचाच्या किमतीने ठरते.

८. अमळनेर २०२४ : एक गाव, दोन संमेलने

९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २ ते ४ फेब्रुवारी २०२४ या काळात अमळनेर येथे प्रताप महाविद्यालयाच्या परिसरात भरले. डॉ. रवींद्र शोभणे अध्यक्ष होते आणि मराठी वाङ्‌मय मंडळ ही यजमान संस्था होती. ज्या गावातील प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी अध्यापन केले, त्या गावातील संमेलननगरीस त्यांचेच नाव देण्यात आले. याच दिवसांत, ३ व ४ फेब्रुवारी रोजी, डॉ. वासुदेव मुलाटे यांच्या अध्यक्षतेखाली १८ वे विद्रोही साहित्य संमेलनही अमळनेरातच झाले.

दोन संमेलने, दोन व्यासपीठे, दोन विचारप्रवाह. गाव मात्र एक. सांस्कृतिक दृष्ट्या ही घटना जितकी महत्त्वाची, तितकीच ती संदेशवहनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. शब्दांच्या जगात दोन प्रवाह समांतर राहू शकतात, कारण प्रत्येकाला स्वतःचे मैदान मिळते. रेडिओलहरींच्या जगात मैदान निराळे असले तरी गावातील मोबाइल मनोऱ्यांची क्षमता दोघांची सामाईक असते. नेहमीच्या वस्तीसाठी आखलेल्या मनोऱ्यांवर पाहुण्यांची अचानक भर पडते, तेव्हा स्थानिक रहिवाशांचे दूरध्वनीही त्यात ओढले जातात. म्हणून मोठ्या संमेलनाच्या वेळी वाय-फायचे सुनियोजित जाळे ही केवळ प्रतिनिधींची चैन नसते. मनोऱ्यांवरील भार हलका करण्याचे ते साधन ठरते.

कायद्याच्या दृष्टीनेही हे संमेलन संक्रमणकाळात भरले. १८८५ व १९३३ च्या अधिनियमांची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला होता. त्यातील तरतुदींचा टप्प्याटप्प्याने अंमल जून २०२४ पासून सुरू झाला.

९. महाविद्यालयीन चर्चासत्रांसाठी बोध

वरील विवेचनाचा महाविद्यालयांशी थेट संबंध आहे. राष्ट्रीय चर्चासत्रे, कार्यशाळा व मूल्यांकनाच्या भेटी यांच्या निमित्ताने प्रत्येक महाविद्यालयात काही शे लोक एका सभागृहात जमतात. नियोजनाच्या दृष्टीने पुढील बाबी लक्षात घेणे इष्ट ठरेल.

(१) सभागृहाच्या कोपऱ्यात एकच शक्तिमान ॲक्सेस पॉइंट बसविण्यापेक्षा कमी शक्तीचे अनेक ॲक्सेस पॉइंट विखुरलेले असावेत. विखुरलेल्या कर्ण्यांचे तत्त्व येथेही लागू पडते. 
(२) कार्यक्रमापूर्वी, शक्यतो त्याच वेळी व त्याच जागी, आसपासच्या इमारतींतून कोणते चॅनेल वापरले जात आहेत याची पाहणी करावी. 
(३) रिकाम्या सभागृहातील चाचणीवर विसंबू नये. मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. भरलेले सभागृह हे निराळेच सभागृह असते. छताला टांगलेल्या उपकरणांना गर्दीचा अडथळा कमी होतो. उलट खुर्च्यांच्या पातळीवरील उपकरणांचा टप्पा गर्दीमुळे आटोपशीर राहतो व तोच चॅनेल पलीकडे पुन्हा वापरता येतो. 
(४) कापडी मांडवात लहरींना भिंत नसते, पत्र्याच्या छताखाली त्या परावर्तित होतात आणि दगडी इमारतीत त्या अडतात. एका जागेची आखणी दुसरीकडे जशीच्या तशी उचलू नये. 
(५) प्राध्यापक, विद्यार्थी, पाहुणे, समिती अशी निरनिराळ्या नावांची जाळी कमीत कमी ठेवावीत. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली घोषणा करीत असते व त्यात चॅनेलचा वेळ खर्च होतो. 
(६) व्यासपीठावरील संगणक, दूरस्थ वक्त्याचे प्रक्षेपण आणि नोंदणीकक्ष यांना तारेने जोडावे. तार शक्य असेल तेथे तार वापरली की हवा इतरांसाठी मोकळी राहते. 
(७) साध्या संचांसाठी २.४ गिगाहर्ट्‌झवरील तीन चॅनेल राखून ठेवावेत आणि जे संच ५ गिगाहर्ट्‌झवर जाऊ शकतात त्यांना तिकडे वळवावे. 
(८) कार्यक्रमपत्रिका व शोधनिबंधांचे सारांश छापील स्वरूपातही उपलब्ध ठेवावेत. धुळ्याच्या तुरुंगातील वहीने जे साधले ते आजही कागद साधू शकतो.

यांपैकी बहुतेक सूचनांना मोठा खर्च लागत नाही, पूर्वविचार लागतो. प्रत्यक्षात मात्र मांडववाला, माईकवाला व भोजनव्यवस्था यांच्यासाठी समित्या नेमल्या जातात आणि बिनतारी जाळे हे इंटरनेट पुरविणाऱ्याचे काम समजून सोडून दिले जाते. पुरवठादार महाविद्यालयाच्या दारापर्यंत पुरेसा वेग आणून देतो. सभागृहातील हवा कशी वाटून घ्यावयाची हे ठरविण्याचे काम आयोजकांचेच असते.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष हाती येतात. पहिला, खानदेशातील संमेलनांच्या इतिहासात संदेशवहनाची साधने बदलली, परंतु मर्यादित माध्यम अनेकांनी वाटून घेण्याचा प्रश्न कायम राहिला. दुसरा, एक शक्तिमान स्रोत विरुद्ध अनेक सौम्य स्रोत या द्वंद्वात मोठ्या समुदायासाठी दुसरा पर्याय पुन्हा पुन्हा सरस ठरला. टाळकरी, विखुरलेले कर्णे आणि कमी शक्तीचे ॲक्सेस पॉइंट ही त्याची तीन रूपे होत. तिसरा, भारतात रेडिओलहरींचा वापर शासकीय मक्तेदारीकडून सार्वजनिक मालमत्तेकडे आणि तेथून मर्यादित परवानामुक्तीकडे सरकला. त्याबरोबर नियोजनाची जबाबदारीही शासनाकडून वापरकर्त्यांकडे व आयोजकांकडे आली. चौथा, नियोजनाचा अभाव सर्वांना सारखा भोवत नाही. तो साधी साधने असलेल्यांना अधिक भोवतो.

फैजपूरच्या आयोजकांनी अधिवेशन खेड्यात नेले, कारण ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांच्यासमोर बोलावे अशी त्यामागील भूमिका होती. आजच्या चर्चासत्रात ग्रामीण महाविद्यालयातून आलेला विद्यार्थी शेवटच्या रांगेत साधा संच घेऊन बसलेला असतो. दूरस्थ वक्त्याला त्याचा प्रश्न पोहोचला किंवा नाही, यावरच त्या चर्चासत्राचे राष्ट्रीय हे विशेषण सार्थ ठरावे.